चौथी सिटिंग: मुंबईतलं लेझरने भाजल्याचं एक प्रकरण

तुळशीचं लग्न होऊन दोन दिवस झाले होते. २०२४ चा नोव्हेंबर. ओपीडी आटोपून मी डबा उघडणार, तेवढ्यात मायलेकींची जोडी आत आली. मुलगी २६ वर्षांची, बँकेत नोकरीला, फेब्रुवारीत लग्न ठरलेलं. मुंबईच्या त्या चिकट उकाड्यात तिने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता. बाही वर कर म्हटलं तर तयार होईना, कारण कापड हाताला चिकटलं होतं. शेवटी सलाईनने भिजवून हळूहळू सोडवलं.

मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला, तपकिरी चौकोनांच्या रांगा होत्या. मोरीला टाइल्स बसवाव्यात तशा, मध्ये बारीक फट सोडून. प्रत्येकाची बाजू साधारण सेंटीमीटरभर. काहींवर पाण्याचे फोड, काहींवर फोड फुटून धरलेली खपली, आणि सगळ्यावर आजीने लावलेल्या हळदीचा पिवळा थर. हळद धुतल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. उजव्या हातावरच्या जवळजवळ प्रत्येक चौकोनाच्या एकाच कोपऱ्यात साबुदाण्याएवढा काळा ठिपका होता, बाकीच्या चौकोनापेक्षा खोल भाजलेला. डाव्या हातावरही होता, पण बरोबर विरुद्ध कोपऱ्यात.

हे प्रकरण दोघींची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. दोघी म्हणजे एक ही नवरी. दुसरी कोण ते पुढे येईलच.

नवरीने जुलैमध्ये लेझरने हातांवरचे केस काढायचं आठ सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं, हप्त्यावर. उपनगरात स्टेशनपासून पाच मिनिटांवर, फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर ‘स्किन अँड लेझर क्लिनिक’ आणि खाली ‘केसांपासून कायमची सुटका’. (कायमची सुटका हा शब्दच चुकीचा आहे. अमेरिकेच्या एफडीएनेही ‘केस कायमचे कमी होणं’ एवढ्यापुरतीच मान्यता दिलेली आहे, केस कायमचे जाण्याला नाही.) तीन सिटिंग नीट झाल्या. दिवाळीत मैत्रिणींबरोबर ती तारकर्लीला गेली, चार दिवस समुद्रात आणि वाळूत. परत आली ती चांगली रापून. त्यानंतर दहाव्या दिवशी चौथी सिटिंग.

त्या दिवशी पहिल्या दोन-तीन शॉटनाच चटका जास्त बसला. ती म्हणाली, “ताई, आज जास्त लागतंय.” उत्तर आलं, “आज ज्यूल वाढवलेत ना, होतं तसं.” (ज्यूल म्हणजे शॉटमधली ऊर्जा.) जळलेल्या केसांचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता, हेही तिला नंतर आठवलं. रात्री हात पेटल्यासारखा व्हायला लागला. तिने तिथल्या काउन्सेलरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. उत्तर: ‘नॉर्मल आहे, अ‍ॅलोव्हेरा लावा.’ आणि पुढे एक फूल.

उपचारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वरवरचं दुसऱ्या दर्जाचं भाजणं होतं. ड्रेसिंग, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून मलम, ऊन वर्ज्य, खपली ओढायची नाही. तीन आठवड्यांत जखमा भरल्या. खरी कटकट त्यानंतरची. आपल्या त्वचेला इजा झाली की ती बरी होताना तिथे काळा डाग सोडते आणि तो जायला महिने लागतात. नवरीचा प्रश्न सरळ होता: हिरवा चुडा भरेन तेव्हा वर काय दिसेल? मी म्हटलं, चुडा भर, पण मेंदी मनगटाच्या खालीच ठेव, आणि काळ्या मेंदीला हातही लावू नकोस. ती रडली नाही. आई रडली.

मग आईने डोळे पुसून म्हटलं, “डॉक्टर, हे का झालं ते लेखी द्या.” लेखी द्यायचं तर कागद बघायला हवेत. मी त्यांना तिथून फाइल मागवायला सांगितली. चार दिवसांच्या घासाघिशीनंतर एका कार्डाची झेरॉक्स मिळाली.

कार्डावर तारीख, भाग, ज्यूल आणि सही असे चार रकाने होते. ज्यूलच्या रकान्यात १८, २०, २२, २४. जिना चढावा तसे. या आकड्यांवरून एका मशीनची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही, कारण स्पॉटचा आकार, पल्स (प्रकाशाचा एक झोत) किती मिलिसेकंदांची आणि थंड ठेवण्याची सोय कशी यावर सगळं अवलंबून असतं. पण मला खटकलं ते वेगळंच. पल्सचा रकाना नव्हता. त्वचेच्या प्रकाराचाही नव्हता. आणि ‘मागच्या सिटिंगनंतर उन्हात गेला होतात का’ हा प्रश्न तर कुठेच नव्हता. तो प्रश्न होता संमतिपत्रात, दोन पानी इंग्रजी फॉर्मवर, आणि त्यापुढे जुलैमध्येच काउन्सेलरने स्वतःच्या पेनाने ‘नो’वर टिक केलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात खरी संमती कशाला म्हणायची ते तपशिलाने सांगितलं आहे. पेशंटला उपचार, त्यातला धोका आणि पर्याय कळेल अशी माहिती द्यायची आणि मग तिने ठरवायचं. इथे नवरीला सही कुठे करायची तेवढं दाखवलं गेलं होतं.

उन्हाचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते थोडं सांगायला हवं. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेलं तत्त्व असं: प्रकाशाची तरंगलांबी आणि पल्सचा काळ नेमका निवडला, तर हवं तेवढंच लक्ष्य तापतं आणि शेजारचं शाबूत राहतं. केसांच्या बाबतीत लक्ष्य म्हणजे केसातलं आणि त्याच्या मुळाशी असलेलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य. गोरी त्वचा आणि काळा केस असेल तर काम सोपं. आपल्याकडे केसही काळा आणि त्वचाही सावळी, आणि प्रकाशाला दोन्हीकडचं मेलॅनिन सारखंच. म्हणून सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. ते खोल जातं आणि मेलॅनिन त्याला कमी पकडतं. नवरीवर वापरलेलं ८१० चं डायोडही चालतं, पण बेताने आणि लांब पल्स ठेवून. रापलेल्या त्वचेत मात्र वरच्या थरातलं मेलॅनिन वाढलेलं असतं. सप्टेंबरमध्ये त्याच हाताने जे सोसलं, ते नोव्हेंबरमध्ये सोसणार नाही. कार्डावर मात्र हात तोच होता.

आणि त्वचेचे प्रकार आम्ही ज्या फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीवर मोजतो, ती १९७५ मध्ये गोऱ्या त्वचेसाठीच तयार झाली. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार तिला मागाहून जोडले गेले. तरी ती का होईना, कार्डावर असायला हवी होती.

रापण्याने चौकोन समजले. कोपऱ्यातले ठिपके समजत नव्हते. ते समजले डिसेंबरमध्ये, एका रविवारी सकाळी.

दार उघडलं तर एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी उभी. ठाण्याजवळच्या दिव्याहून आली होती. म्हणाली, “मॅडम, त्या ताईंवर लेझर मी मारलं होतं. त्यांनीच तुमचा पत्ता दिला.” तिने आपल्या फोनवरून नवरीला फोन करून माफी मागितली होती. दुकानातल्या कुणीही मागितली नव्हती. नवरी मोठ्या मनाची. ती म्हणाली, माझ्याशी बोलून काय होणार, डॉक्टरांकडे जा.

मी चहा ठेवला. तिने घडाघडा सांगितलं. बारावी झाल्यावर सहा महिन्यांचा ब्युटीचा कोर्स: थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, थोडा मेकअप. ब्युटिशियन म्हणून लागली. वर्षभराने दुकानात मशीन आलं. मशीन विकणाऱ्यांचा माणूस दोन दिवस ‘ट्रेनिंग’ द्यायला आला. पहिल्या दिवशी एसी खोलीत इंग्रजी स्लाइड. दुसऱ्या दिवशी स्टाफनेच एकमेकींच्या हातावर शॉट मारले. संध्याकाळी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आणि मशीनपाशी फोटो. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक.

“ज्यूल कसे ठरवायचे?” मी विचारलं.

“सरांनी तक्ता दिला होता. दर सिटिंगला दोनने वाढवायचे. तीनदा नीट झालं म्हणजे पुढे वाढवायचंच.”

“आणि हँडपीसची काच कधी पुसायची?”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “संध्याकाळी. बंद करताना.”

तिथे ठिपके सुटले. हँडपीसच्या, म्हणजे शॉट मारायला हातात धरायच्या भागाच्या, टोकाला नीलमणी काच असते, तीच त्वचेला थंड ठेवते. केस नीट शेव्ह केलेले नसले की जळतात आणि त्यांची काजळी त्या काचेला चिकटते. काजळी काळी, म्हणजे पुढच्या शॉटचा प्रकाश आधी तिलाच तापवणार आणि ती खालच्या त्वचेला डाग देणार, इस्त्रीला चिकटलेला प्लास्टिकचा तुकडा प्रत्येक शर्टवर उमटावा तसा. काजळी काचेच्या एका कोपऱ्यात होती म्हणून डाग एका कोपऱ्यात. दुसऱ्या हातासाठी ही मुलगी पलंगाच्या पलीकडे गेली, हँडपीस उलटा झाला, म्हणून डाग विरुद्ध कोपऱ्यात. दर काही शॉटनंतर ओल्या गॉजने काच पुसली असती तर ते ठिपके झाले नसते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांवरच्या गॉगलवर तरंगलांबी छापलेली असते का, हेही तिला ठाऊक नव्हतं. हे चौथ्या वर्गातलं लेझर. नजर चुकली तर डोळा जातो.

आता यात अपराधी कोण? नवरीच्या घरच्यांनी पहिलं नाव या मुलीचं घेतलं होतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, हे कबूल करते.

मग मी वकील मैत्रिणीला बोलावून कागद मांडले. मशीन: मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली येतं. २०२० च्या एप्रिलपासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यात बनवणारा, आयात करणारा आणि विकणारा धरलेला आहे. वापरणारा नाही. जागा: खाटा नाहीत, रात्री कुणी राहत नाही, म्हणून शुश्रूषागृहांच्या १९४९ च्या कायद्याची नोंदणी नाही. आहे तो गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंद. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना दिली की भागायचं. पाटी मराठीत आहे का, हे बघायला महापालिकेचा माणूस येतो. ती मराठीत होती.

डॉक्टर: पाटीवर एक नाव होतं, मंगळवार-शनिवार दोन तास, शिक्षण बीएचएमएस. चौथी सिटिंग गुरुवारची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल म्हणणार, हे आमच्या रजिस्टरवर नाहीत, होमिओपॅथीच्या परिषदेकडे जा. मैत्रिणीने पूनम वर्मा खटल्याची आठवण करून दिली. तोही मुंबईचाच. होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जी शाखा शिकलेलीच नाही तिचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करावा लागत नाही. “पण लेझरची पॅथी कोणती, असं विचारून समोरचा वकील दोन वर्षं काढेल,” ती म्हणाली. आणि मुळात डॉक्टरने हँडपीस हातात घेतलाच नव्हता.

राहिला शॉट मारणारा हात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कलम ३४ आहे: नोंदणी नसताना वैद्यकी केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण केस काढणं ही वैद्यकी की उस्तऱ्याचा धंदा? त्या कलमात लेझरचं नाव नाही. केशरोपणाबद्दल आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सूचना काढल्या होत्या, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, अशा शब्दांत. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या, आयएडीव्हीएलच्या, लेझरने केस कमी करण्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना २००८ पासून आहेत, चांगल्या आहेत. पण त्या सभासदांसाठी. फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर त्या कोण नेणार?

बाहेरचे देश याबाबतीत फार पुढे आहेत असं समजायचं कारण नाही. इंग्लंडने तर ऑक्टोबर २०१० मध्ये सौंदर्यासाठीच्या लेझरवरची नोंदणीची अट काढूनच टाकली. मग निकृष्ट सिलिकॉन इम्प्लांटचं प्रकरण गाजलं, २०१३ मध्ये कीओ समितीचा अहवाल आला, २०१६ मध्ये कुणाला किती शिक्षण हवं याचा आराखडा, आणि २०२२ च्या कायद्याने परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दार काढायला एक सही पुरली आणि परत बसवायला दशक कमी पडतंय. मला त्यातल्या त्यात टेक्सासची रीत आवडते. तिथे केसांच्या लेझरसाठी शिकाऊपासून वर चार पायऱ्या आहेत आणि डॉक्टर नसलेल्या माणसालाही त्या चढता येतात, पण चढूनच.

इथे माझ्या व्यवसायबंधूंना न आवडणारं लिहिते. लेझर फक्त त्वचारोगतज्ज्ञानेच हाताळावं, हे आमच्या बैठकीत बोलायला छान वाटतं. माझ्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये निम्मे शॉट माझी सहायक मारते. आणि मी तरी कुठे शिकले? एमडीच्या तीन वर्षांत महापालिकेच्या रुग्णालयात गजकर्ण, खरूज आणि कुष्ठरोगाच्या रांगेतून मान वर काढायला वेळ नव्हता. विभागातलं लेझर होतं, ते बहुतेक वेळ दुरुस्तीला. पुढे स्वतःचं मशीन घेतलं तेव्हा मलाही विकणाऱ्यांच्या माणसानेच दोन दिवस दाखवलं. तेच दोन दिवस. फरक एवढाच, की तोवर हजारो हात पाहिलेले होते. रापलेला हात समोर आला तर मशीन बंद करून ‘महिन्याने या’ म्हणायचं, हे मला शिकवावं लागलं नाही. मी तसं म्हटलं तर माझा पगारही कुणी कापणार नव्हतं.

दिव्याच्या मुलीला मी तेच विचारलं. तिला हात रापलेला दिसला नव्हता का?

“दिसला होता, मॅडम. पण नाही म्हणायचं कुठे शिकवलं? आणि सिटिंग पुढे ढकलली की त्या महिन्याचं टार्गेट बुडतं. काउन्सेलर ओरडते.”

म्हणून प्रशिक्षणाचा दर्जा तासांत मोजायला माझा विरोध आहे. चाळीस तास म्हणा, शंभर म्हणा, तास भरता येतात, सोनेरी किनारीची सर्टिफिकेटं छापता येतात. शिकणाऱ्या मुलीच्या वहीत मला वेगळी नोंद बघायची आहे: तिने किती जणींना आज नको म्हणून परत पाठवलं, का पाठवलं, आणि त्यावर कुण्या जबाबदार डॉक्टरची त्याच दिवशीची सही आहे का. मशीनचा मालक त्या नोंदीसाठी तिला रागावू शकणार नाही, अशी तरतूद नसेल तर बाकी अभ्यासक्रम कितीही जाड असो.

नवरीच्या प्रकरणाचा शेवट फार लवकर झाला. ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा होता: दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, वांद्र्याला जायचं. वकिलाची नोटीस गेली. तिसऱ्या आठवड्यात दुकानाने पॅकेजचे सगळे पैसे आणि माझ्या उपचारांचा खर्च परत दिला, आणि ‘यापुढे कुठेही तक्रार करणार नाही’ अशा कागदावर सही घेतली. मी चिडले. आई म्हणाली, “डॉक्टर, मुहूर्त थांबत नाही.” तिचंही चूक नव्हतं. लग्नात चुडा कोपराच्या अलीकडे चार बोटांपर्यंत भरला होता, आणि डाग बघायचे म्हणून बघितले तरच दिसत होते.

पण त्या सहीबरोबर प्रकरण पुसलं गेलं. आयोगाचा निकाल नाही, परिषदेचा ठराव नाही, मशीन तिथेच. माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद ठेवायला २०१५ पासून एक राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून. तक्रार नव्हे, नोंद. डॉक्टर म्हणून ती मी करू शकत होते, आणि सही काही मी केलेली नव्हती. फॉर्म उघडला. उत्पादकाचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक. कार्डाच्या झेरॉक्सवर यातलं काहीही नव्हतं.

मी दिव्याच्या मुलीला फोन केला. तिने एव्हाना ती नोकरी सोडली होती आणि डोंबिवलीत पुन्हा थ्रेडिंग करत होती. पुढच्या रविवारी ती आली, फोनमध्ये मागे मागे जात राहिली आणि ट्रेनिंगच्या दिवशीचा फोटो काढला: हातात सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, चेहऱ्यावर हसू, पाठीमागे मशीन आणि मशीनच्या कुशीला चिकटवलेला पांढरा स्टिकर. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, स्वतःचा चेहरा पडद्याबाहेर सरकवला आणि स्टिकरवरचा एकेक आकडा वाचायला लागली. मी लिहून घेत होते. शेवटून दुसरा आकडा तीन की आठ, यावर आमचं बराच वेळ एकमत होईना.